लूनॅटिक : कायद्यातला चंद्र

अमावास्या-पौर्णिमेला वेडाचा जोर वाढतो, असं आपल्याकडे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. युरोपातही हीच समजूत होती. तिथे ती थेट शब्दातच उतरली. लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. त्यावरून लूनॅटिक, चंद्राने बाधलेला.

समजूत खुळी खरी, पण हसून सोडून देण्यासारखी नाही. चंद्र वाढतो तसा घटतोही. आजार येतो तसा उतरतोही, हे त्या शब्दात गृहीत होतं आणि मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्याने नेमकं तेच उचललं. जन्मतःच समज नसलेला तो ‘इडियट’. समज होती, पण पुढे हरपली, तो ‘लूनॅटिक’. वाद शब्दांचा नव्हता, जमिनीचा होता. पहिल्याची जमीन राजाकडे जाई. त्याला खायला-ल्यायला घातलं की उरलेलं उत्पन्न राजाचं. दुसऱ्याच्या जमिनीतला छदामही राजाने घ्यायचा नाही. ती नीट राखायची, उत्पन्नातून त्याचा नि घरच्यांचा चरितार्थ चालवायचा आणि शिल्लक राहील ती तो भानावर आला की त्याच्या हवाली करायची. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनसारखा कायदेपंडितही लूनॅटिकची व्याख्या करताना चंद्राचा उल्लेख टाळू शकला नाही.

हा शब्द इंग्रजांनी इथल्या कायद्यांतही आणला, पण 1912च्या इंडियन लूनसी ॲक्टमध्ये तो बारीक भेद उरलाच नव्हता. त्यातल्या व्याख्येनुसार ‘इडियट’ही लूनॅटिकच! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या कायद्याखाली वेड्याला मात्र बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमावरच इस्पितळात भरती करत. लोकांनी कायदा वाचला नाही, त्यांनी इस्पितळांची गावं तेवढी लक्षात ठेवली. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हा येरवड्याचा पाहुणा’ ही त्यातूनच आलेली बोली. तिच्यात बरं होऊन परत येणाऱ्याला जागाच नाही. मला ती चंद्राच्या समजुतीपेक्षा जास्त खुळी वाटते.

1987च्या कायद्याने लूनॅटिक हा शब्द काढून टाकला. तो कायदा लागू व्हायला 1993 उजाडलं. आता 2017चा कायदा ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणतो. पूर्वी कधी उपचार घेतले किंवा इस्पितळात राहिला, एवढ्यावरून कुणालाही आज मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.