कोंबडीचे अंडे अडले तर घरी काय करावे ?



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, पाचट, खताच्या मात्रा यांवर बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. मागच्या महिन्यात खोडव्याची पाहणी करीत एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. चहा पुढे ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "साहेब, उसाचं ऱ्हाऊ द्या, आमची कोंबडी बघा. सकाळधरनं डालग्यात जातीय, बाहेर येतीय, अंडं काय देत न्हाई."

मी शेतकी पदविकेचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण असली कोंबडी मी पूर्वी पाहिली होती. ती दगावलीही होती, आणि तीही माझ्याच हाताने. म्हणून हा लेख.

उसाचे बिल वर्षाकाठी हाती येते, पण अंड्याचे पैसे दर आठवडी बाजाराला येतात, आणि ते घरच्या बाईच्या हातात राहतात. मीठ-मिरची, पोरांची वही-पेन्सिल त्यातून निघते. तेव्हा एक कोंबडी गेली तर "काय, एक कोंबडीच की" असे म्हणून चालत नाही.

अंडे अडते म्हणजे काय ?

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास नुसते कवच चढण्यात जातात. हे कवच बहुतांशी चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे असते. हेच कॅल्शियम अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागते. खाण्यात ते कमी पडले की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. तेही पुरेना झाले की कवच पातळ होते, स्नायू थकतात आणि अंडे वाटेतच बसते.

याखेरीज आणखी कारणे आहेत. पहिल्यांदाच अंड्यावर आलेली लहान तलंग, दोन बलकांचे मोठे अंडे, नुसता मका खाऊन चरबी चढलेली कोंबडी, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, कडाक्याची थंडी, म्हातारपण, किंवा आतील नळीची सूज.

ओळखावे कसे ?

कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते, पिसे फुगवते, वारंवार कुंथते. दाणा टिपत नाही. पाय फाकून चालते किंवा लंगडते. मागील पोट हाताला टणक लागते. तुरा फिका पडतो. विष्ठा थांबते किंवा पातळ थोडी थोडी होते.

खुडूक कोंबडीशी मात्र गल्लत करू नये. खुडूक कोंबडी डालग्यात पसरून बसते, जवळ गेले की अंग फुगवून कुरकुरते, चोच मारते. पण तिला कुंथावे लागत नाही. आणि एकाच वेळी चार-पाच कोंबड्या मलूल झाल्या किंवा मेल्या तर तो अडलेल्या अंड्याचा प्रकार नव्हे. साथीचा संशय धरून ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने हात लावू नये.

घरचा उपचार

१) घमेल्यात किंवा बादलीत कोमट पाणी घ्यावे. आपल्या कोपराला सुखावेल इतकेच गरम असावे. कोंबडीचे मागचे अंग व पोट पाण्यात राहील अशी १५ ते २० मिनिटे धरावी. डोके व छाती वर ठेवावी. पाणी गार झाले तर थोडे गरम पाणी बाजूने ओतावे. बहुतेक कोंबड्या पाण्यात शांत होतात.

२) मग जुन्या कापडाने अंग नीट कोरडे करावे. ओली कोंबडी वाऱ्यावर सोडू नये.

३) नखे कापून, हात साबणाने धुऊन बोटाला खोबरेल तेल लावावे व ते मलद्वाराच्या कडेला आणि जेमतेम एक पेर आत हलकेच लावावे.

४) मऊ काड घातलेल्या पाटीत, उबदार, अंधाऱ्या व निवांत जागी ठेवावी. पोरांना, कुत्र्याला जवळ येऊ देऊ नये. प्यायला पाणी जवळ ठेवावे.

५) कोंबड्यांचे पातळ कॅल्शियम औषध घरी असेल तर बाटलीवरील मात्रेप्रमाणे द्यावे. चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडावे. घशात ओतले तर ते श्वासनळीत जाते.

तासा-दोन तासांत अंडे न आल्यास शेक पुन्हा एकदा द्यावा. तरीही न आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उद्यावर टाकू नये, कारण अडलेली कोंबडी एक-दोन दिवसांत दगावू शकते. आपल्या राज्यात १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही पशुवैद्यकीय मदतीची विचारणा करता येते.

काय करू नये ?

पोट दाबून अंडे काढू नये. काडी, चमचा, सुई आत घालू नये. हे मी शपथेवर सांगतो. पदविका घेऊन नुकताच घरी आलो होतो तेव्हाची गोष्ट. आईची कोंबडी अडली. मी शहाणपणा करून पोट दाबले आणि अंडे आतच फुटले. कवचाच्या तुकड्यांनी आत जखम झाली, पू धरला, तिसऱ्या दिवशी कोंबडी गेली. आई एवढेच म्हणाली, "शिकलास रं, पर हात हलका न्हाई झाला." त्या आठवड्यात तिने बाजारची पिशवी रिकामीच परत आणली.

अंडे आत फुटले, रक्त आले किंवा मांसल भाग बाहेर आला तर घरी काही न करता थेट दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिल्यास अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही विचारून घ्यावे.

पुन्हा होऊ नये म्हणून

शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात, विशेषतः संध्याकाळी ठेवावी, कारण कवच बहुतांशी रात्री चढते. अंड्यांची टरफले द्यायची तर भाजून बारीक कुटूनच द्यावीत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागते. कळीचा चुना किंवा कारखान्याची मळी कॅल्शियम म्हणून घालू नये. नुसत्या मक्यावर न ठेवता अंड्यावरील कोंबडीचे खाद्य, पालापाचोळा, किडे-मुंग्या मिळू द्याव्यात. दिवसभर मोकळे ऊन लागू द्यावे. उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते व त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. पाणी नेहमी ताजे ठेवावे. अंडी घालायला आडोशाची जागा द्यावी.

त्या वस्तीवरच्या कोंबडीने दुसऱ्या शेकानंतर, दिवेलागणीला अंडे दिले. वहिनींनी दुसऱ्या दिवशी चिटबॉयच्या हाती निरोप धाडला : "साहेबांना सांगा, अंडं आलं. आता खोडव्याचं काय ते सांगा."

खोडव्याचे पुढच्या अंकी.

– ऊस विकास अधिकारी