यकृतावरील शस्त्रक्रियेनंतरचीं वर्षें



"गांठ तर काढली, आतां सुटलों ना, मास्तर?" असें माझ्या एका स्नेह्यानें इस्पितळांतून परत आल्यावर मला विचारलें. प्रश्न डॉक्टरांना विचारावयाचा. पण तेथें त्याला धीर झाला नाहीं. मी कांहीं वैद्य नव्हे. त्याच्याकरितां ग्रंथ चाळले, त्याच्या डॉक्टरांना दोनदां भेटलों, त्यांतून उमगलें तें सांगतों.

यकृतांतच उद्भवणारा कर्करोग सहसा निरोगी यकृतांत होत नाहीं. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूंचा जुनाट संसर्ग, मद्यपान, अथवा सांचलेली चरबी यांमुळें तें बहुधा आधींच व्रणांनीं निबर झालेलें असतें. यालाच सिरोसिस म्हणतात. शस्त्रक्रियेनें गांठ जाते, निबर यकृत राहतें. तण उपटलें, बीं जमिनींतच! म्हणून शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पांच वर्षांच्या आंत शेंकडा 50 ते 70 रोग्यांत रोग पुन्हां डोकें वर काढतो.

पहिल्या दोन वर्षांत जो उलटतो तो बहुधा जुन्याच गांठीचा शेष. गांठ केवढी होती, एक कीं अनेक, कापलेल्या कडेपर्यंत रोग पोंचला होता काय, रक्तांतील अल्फा-फीटोप्रोटीन फार वाढलें होतें काय, आणि मुख्य म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक रक्तवाहिन्यांत कर्कपेशी शिरलेल्या दिसल्या काय, यांवर तें अवलंबून असतें. यांतील बहुतेक उत्तरें काढलेल्या गांठीच्या तपासणी-अहवालांत असतात. तो कागद बिलांबरोबर फडताळांत पडून राहतो, ही आपल्या घरांची जुनी खोड.

त्यानंतर उद्भवते ती पुष्कळदां नवीच गांठ, रोगट यकृतानें जन्म दिलेली. येथें मात्र रोग्याच्या हातीं पुष्कळ आहे. बी विषाणूला एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर या गोळ्यांनीं दाबून ठेवल्यास पुन्हां गांठ होण्याचा संभव घटतो. सी विषाणू तर बहुतेकांत 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनीं समूळ जातो. मद्य अर्थातच वर्ज्य.

जमीनच बदलली तर काय होतें, हें 1996 सालीं मिलान येथील मॅझाफेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. 5 सेंटिमीटरपर्यंतची एकच, किंवा प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंतच्या फार तर तीन गांठी, अशा 48 सिरोसिसग्रस्तांचें यकृत त्यांनीं बदललें. चार वर्षें जगण्याचें प्रमाण शेंकडा 75 भरलें. परंतु यकृतदाते थोडे. म्हणून पुष्कळांना आहे तेंच यकृत सांभाळावें लागतें.

त्यासाठीं पहिलीं दोन वर्षें साधारणतः दर तीन-चार महिन्यांनीं, पुढें सहा महिन्यांनीं स्कॅन करवून घ्यावें लागतें. वेळींच सांपडलेली लहान गांठ पुष्कळदां पुन्हां कापतां येते, किंवा सुईवाटे उष्णता देऊन जाळतां येते.

माझ्या स्नेह्यानें "ऑपरेशन झालें, आतां औषध कशाला?" म्हणून बी विषाणूवरील गोळी आपण होऊन सोडली होती. ती अशी अचानक सुटली कीं विषाणू उसळून उरलेलें यकृतही निकामी होऊं शकतें. डॉक्टरांनीं ती त्याच दिवशीं पुन्हां चालू केली. स्कॅन येत्या महिन्यांत आहे. जुना अहवाल घेऊन मी बरोबर जाणार आहें.