सात घरांना एक अंगण

मराठी विभागासाठी लेख दे असं संपादिका मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा पहिली भीती वाटली ती ऱ्हस्व-दीर्घाची. माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली. मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास आणि घरी आजोबांशी गप्पा. त्यामुळे वेलांटी चुकली तर सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण त्यातला मुख्य शब्द 'अंगण' आहे. 'कोर्टयार्ड' म्हटलं की मला राजवाडा आठवतो, अंगण म्हटलं की कुणाचं तरी घर आठवतं.

तर मंडळी, विषय आपल्या सगळ्यांच्या खिडकीतून दिसणारा आहे. आपलं हॉस्टेल आणि स्टाफ क्वार्टर्स यांच्या मधला हिरवा चौकोन. भोवती तारेचं कुंपण, एक गेट, गेटला कुलूप आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. आत दोन गुलमोहर आणि एक कडुनिंब. या सुट्टीत तिथे पेव्हर ब्लॉक टाकून दुचाकींचं पार्किंग करायचा विचार चालू आहे, असं मेसमध्ये कळलं. कारण काय, तर 'ती जागा कोणी वापरत नाही'.

आता हे कारण खरं आहे! तीन वर्षांत मी स्वतः आत दोनदाच गेले आहे. एकदा सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आणि एकदा वाळत घातलेली ओढणी उडून गेली म्हणून. पण कोणी का वापरत नाही, हा प्रश्न सिव्हिलच्या विद्यार्थिनीने तरी विचारायला हवा. तो विचारत मी जिथे जिथे पोचले, त्याची ही हकिकत.

आधी नियमाचं बघू. वसाहत आखताना मोकळी जागा सोडावी लागते, ती बिल्डरच्या मर्जीवर नसते. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर महाराष्ट्रात २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये साधारणपणे १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवायची असते. मुंबईत १९९१ च्या नियमावलीत हे प्रमाण प्लॉटच्या आकाराप्रमाणे १५, २० आणि २५ टक्के होतं. ही तरतूद नसती तर शहरात श्वास घ्यायला जागा उरली नसती, हे कबूल. पण टक्केवारी फक्त जागा राखते. त्या जागेत कोण जाईल, ती कुणाच्या वाटेवर असेल, हे टक्केवारीला कळत नाही. नकाशावर हिरवा रंग भरला की काम झालं!

याचं उदाहरण माझ्या घरीच आहे. आम्ही मुंबईच्या उपनगरात एका मोठ्या सोसायटीत राहतो. खाली चार मजले पार्किंग, त्यावर पोडियम आणि पोडियमवर 'गार्डन'. माहितीपत्रकात ती बाग फारच सुंदर दिसत होती. सुरुवातीला आजोबा रोज सकाळी तिथे जायचे. नंतर नऊ वाजताच परत यायला लागले, मग आठ वाजता, आणि मग जायचेच बंद झाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "झाडं आहेत गं, पण सावली नाही." त्यांचं हे एक वाक्य मला थर्ड इयरला आल्यावर कळलं.

गणित सोपं आहे. ओल्या मातीचं वजन घनमीटरला जवळजवळ २ टन धरतात. म्हणजे पोडियमवर १ मीटर खोल माती टाकली तर स्लॅबवर दर चौरस मीटरला सुमारे २ टन भार येतो. आपण राहत्या घराच्या स्लॅबला माणसं, सामान वगैरेचा लाइव्ह लोड धरतो तो चौरस मीटरला साधारण २०० किलो. म्हणजे नुसत्या मातीनेच दहापट! मग खर्च वाचवायला माती उथळ ठेवतात. उथळ मातीत लॉन येतं, शोभेचे पाम येतात, पण आंबा, कडुनिंब वाढत नाहीत. त्यांना मुळं पसरायला खोल जमीन लागते. आणि पावसाचं पाणी मुरणार कुठे? खाली गाड्या उभ्या आहेत. ते पाइपातून थेट गटारात. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की नियमाप्रमाणे सोडायची किमान मोकळी जागा प्रत्यक्ष जमिनीवर हवी. पोडियमवर बाग करायची तर ती त्याच्या वरची, जादा. आमची सोसायटी त्याआधीची.

पण सावली हे अर्धंच कारण झालं. दुसरं कारण असं, की आमच्या पोडियमवर कुणी 'जाता जाता' पोचत नाही. लिफ्ट, पार्किंग, मेन गेट असा सगळ्यांचा रस्ता. बागेत जायचं तर ठरवून, त्या मजल्याचं बटण दाबून जावं लागतं. आजोबांना चालायला जागा हवी होतीच, पण त्याहून जास्त बोलायला माणसं हवी होती.

आणि आता मुख्य उदाहरण. लोकलने हार्बर लाइनवर सीबीडी बेलापूरला उतरा. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी ती १९८३ ते १९८६ या काळात आखली. कोरिया म्हणजे १९६५ मध्ये नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक. बाकीचे दोघे म्हणजे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. यातले पटेल आपल्या जातकुळीतले, म्हणजे सिव्हिल इंजिनीअर, हे मुद्दाम सांगते!

आर्टिस्ट व्हिलेजचे प्लॉट लहान, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे पैसे जमतील तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. पण मला सगळ्यात आवडली ती मोकळ्या जागांची आखणी. सात घरांच्या मधे एक अंगण, ८ बाय ८ मीटरचं. असे तीन गट, म्हणजे २१ घरं मिळून १२ बाय १२ मीटरचा एक चौक. असे तीन चौक, म्हणजे ६३ घरं मिळून २० बाय २० मीटरची आणखी मोठी जागा. आणि त्याच्याही पुढे शाळा, बसथांबा अशा सगळ्या वसाहतीच्या जागा. उंबरठा, अंगण, चौक, मैदान अशी पायरी पायरीने वाढत जाणारी ही रचना आहे.

मी वहीत गणित मांडलं. ६३ घरांसाठी नऊ अंगणं म्हणजे ५७६ चौरस मीटर. तीन चौक ४३२. मोठी जागा ४००. एकूण १४०८ चौरस मीटर, म्हणजे घरटी सुमारे २२. आता हेच सगळं एका ठिकाणी गोळा केलं तर साधारण साडेसदतीस मीटर बाजूचा एक चौकोन होतो. एक छान बाग! टक्केवारी तीच, नकाशावर हिरवा रंग तेवढाच. फरक एवढाच, की दोन वर्षांचं मूल त्या बागेत एकटं जाऊ शकत नाही आणि त्याची आई भाजी निवडता निवडता तिथे लक्ष ठेवू शकत नाही. ८ बाय ८ च्या अंगणात दोन्ही जमतं. दहा वर्षांच्या मुलाला ते अंगण पुरत नाही, त्याला चौक लागतो. पंधरा वर्षांच्या मुलाला क्रिकेटला मैदान लागतं. आजोबांना बहुतेक अंगणच लागतं. म्हणजे मोकळी जागा किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, की ती कुणाच्या किती जवळ.

आणि ही जागा घरं पसरून मिळवलेली नाही हं. उंच इमारत न बांधता, शाळा वगैरे धरून, हेक्टरी ५०० माणसांची दाटी गृहीत धरून ही आखणी केली आहे.

एका रविवारी मी स्वतः जाऊन आले. चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं राहिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बरीच मूळ घरं पाडून तिथे मोठी पक्की घरं उभी राहिली आहेत. काही अंगणांत बाइक्स लागलेल्या होत्या. तरीही अंगणं जाग्यावर आहेत. एका अंगणात तुळस, दोरीवर कपडे आणि प्लॅस्टिकच्या बॅटने खेळणारी दोन पोरं होती. मी वहीत स्केच काढायला उभी राहिले आणि दोन मिनिटांत एका काकूंनी दारातून विचारलं, "कोण हवंय?" मी आधी बावरले. मग लक्षात आलं, की हाच तर त्या अंगणाचा पहारा! सात घरांच्या अंगणात अनोळखी माणूस लगेच कळतो. काकूंनी नंतर पाणी दिलं आणि हेही सांगितलं, की अंगण रोज कुणी ना कुणी झाडतंच, ते ठरवावं लागत नाही. मला जे दिसलं ते त्यांच्या बोलण्याशी जुळत होतं. मोठ्या मोकळ्या जागांपेक्षा छोटी अंगणं जास्त स्वच्छ होती. ६३ घरांची जागा ती कुणाचीच नाही, असं होऊ शकतं. सात घरांचं अंगण मात्र 'आपलं' असतं.

आता परत आपल्या हिरव्या चौकोनाकडे. आपली मुलं 'ती जागा वापरत नाहीत' म्हणजे नेमकं काय, ते बघा. हॉस्टेलमधून कँटीनला जाताना आपण रोज त्याला वळसा घालतो. कोपऱ्यात जिथे तार वाकलेली आहे तिथून उडी मारून तिरके जाणारे काही शूर वीर आहेत (नावं घेत नाही), आणि त्यांच्या पायांनी गवतात एक तिरकी वाट पडली आहे. ती वाट म्हणजे उत्तर आहे. जागा लोकांच्या वाटेवर आहे, फक्त आपण वाट बंद केली आहे. पलीकडे स्टाफ क्वार्टर्सची लहान मुलं रस्त्यावर सायकल चालवतात, गाड्या चुकवत. त्यांच्या दारापासून ही हिरवळ वीस पावलांवर आहे.

कुंपण का घातलं, हे मी माळीकाकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "पोरी, ते माणसांसाठी न्हवतंच. तवा कंपाउंडची भिंत नव्हती, गावातल्या शेळ्या यायच्या." भिंत झाली, शेळ्या यायच्या थांबल्या, कुंपण राहिलं. आणि आता त्या कुंपणामुळे जागा रिकामी आणि रिकामी म्हणून पार्किंग!

पार्किंगची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पावसात चिखलात गाड्या आडव्या होतात, त्यात माझ्या रूममेटची स्कूटरही असते. पण मोजमाप हातात घेऊन बोलू. प्रॅक्टिकलला आम्ही मोजलेली ती जागा ४२ बाय २४ मीटर, म्हणजे १००८ चौरस मीटर आहे. रस्त्याकडच्या लांब बाजूला फक्त ४ मीटर रुंदीची पट्टी घेतली, तर २ मीटर गाडीला, २ मीटर काढ-घाल करायला, आणि गाडीमागे १ मीटर धरून साधारण ४० दुचाकी मावतात. त्याला जागेचा फक्त सहावा हिस्सा लागतो. झाडांना हात लावावा लागत नाही.

आणि एक हिशोब पाण्याचा. एवढ्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ १ लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे १० हजार लिटरचे दहा टँकर. सगळंच मुरेल असं नाही, पण माती असेल तर बराच भाग मुरेल. नेहमीचे घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक असतील तर बहुतेक सगळं वाहून जाईल. एप्रिलमध्ये आपल्या हॉस्टेलला टँकर लागतो, हे रेक्टर मॅडमना मी वेगळं सांगायला नको.

आम्ही पाच जणींनी मिळून एक साधा प्लॅन काढला आहे. रस्त्याकडे पार्किंगची पट्टी. हॉस्टेलच्या आणि क्वार्टर्सच्या बाजूला एकेक उघडं गेट. पडलेल्या तिरक्या वाटेवरच फरशीची पायवाट. कडुनिंबाखाली दोन बाक, आणि क्वार्टर्सच्या दारांसमोर, तिथून दिसेल असा, ८ बाय ८ चा मोकळा तुकडा लहानांसाठी. तो आकडा कुठून घेतला, ते आता तुम्हाला माहीत आहे. प्लॅन मेसच्या नोटीस बोर्डावर लावला आहे. सर, मॅडम आणि मित्रमैत्रिणींनो, बघा, चुका दाखवा, पटला तर खाली सही करा. सुट्टी लागायच्या आत तो प्राचार्यांकडे न्यायचा आहे.

आणि गेटचं कुलूप निघालं, तर पुढच्या गॅदरिंगला मी आजोबांना घेऊन येणार आहे. कडुनिंबाखालच्या बाकावर त्यांच्याशी बोलायला कुणी तरी बसा म्हणजे झालं!