बुडालेली ठेव आणि ठेवीदाराचा हक्क

शेअर बाजारात पैसे लावून दरमहा भरघोस परतावा देऊ, असे सांगणारे काही जण २०२४ साली शेवगाव तालुक्यातून पसार झाले. लोक लाजेने गप्प बसले. पण गप्प बसून कसे चालेल?

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे. त्यानुसार सरकारला आरोपीची मालमत्ता जप्त करता येते. विशेष न्यायालयाच्या हुकुमाने ती विकून आलेला पैसा ठेवीदारांत वाटला जातो. रक्कम अपुरी पडली, तर ज्याच्या-त्याच्या ठेवीच्या प्रमाणात.

मात्र यादीत नावच नसेल, तर वाटा मागणार कसा? तेव्हा पावती, करारपत्र, बँकेचा उतारा, जे हाती असेल ते घेऊन पोलिसांत जबाब नोंदवा. शेजाऱ्यालाही सोबत न्या.