जुन्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग गळते? सुटे भाग बदलण्याआधी गळतीचे मूळ शोधा

नवी दिल्ली : स्टिअरिंग जड वाटू लागणे, वळण घेताना बॉनेटखालून घरघर ऐकू येणे आणि उभ्या गाडीखाली लालसर तेलाचे डाग पडणे ही बहुतेक वेळा पॉवर स्टिअरिंगच्या गळतीची लक्षणे असतात. अशा वेळी अनेक जण टाकीत तेल भरत राहून दिवस काढतात, तर काही जण थेट संपूर्ण स्टिअरिंग रॅक बदलण्याचा खर्च पत्करतात. प्रत्यक्षात दोष एखाद्या सैल क्लॅम्पमध्ये किंवा झिजलेल्या ओ-रिंगमध्येही असू शकतो. त्यामुळे तेल नेमके कोठून गळते हे निश्चित करणे, हीच दुरुस्तीची पहिली पायरी ठरते.

यंत्रणा कशी चालते?

अलीकडच्या बहुतांश छोट्या मोटारींमध्ये विद्युत मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात तेल नसते. मात्र २००० च्या दशकातील टोयोटा क्वालिस, महिंद्रा स्कॉर्पिओ, पहिल्या पिढीची इनोव्हा यांसारख्या वाहनांमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा वापरली गेली. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतील तेल उच्च दाबाच्या पाइपमधून रॅककडे किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे ढकलतो. तेथे काम झाल्यावर तेल परतीच्या पाइपमधून टाकीत येते.

ही बंदिस्त यंत्रणा आहे. इंजिन ऑइलप्रमाणे हे तेल जळून संपत नाही. म्हणून टाकीतील पातळी वारंवार खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे.

दुर्लक्ष केल्यास काय?

तेल संपले तरी स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक संबंध तुटत नाही. गाडी वळवता येते. परंतु मिळणारी मदत अचानक थांबल्यास घाटातील वळणावर किंवा गर्दीच्या रस्त्यावर चालकाला एकाएकी मोठी ताकद लावावी लागते. कोरडा फिरणारा पंप लवकर निकामी होतो. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकल्यास धूर होतो आणि आगीचा धोकाही संभवतो.

गळतीचा शोध

प्रथम गळणारे द्रव ओळखावे. अनेक वाहनांत पॉवर स्टिअरिंगसाठी लाल रंगाचे एटीएफ वापरले जाते. जुने झाल्यावर ते तपकिरी दिसते. इंजिन ऑइल साधारणपणे काळपट असते, कूलंट पाण्यासारखे पातळ असते, तर एसीतून पडणारे पाणी रंगहीन असते.

त्यानंतर पंप, पाइप आणि रॅकचा परिसर डिग्रीझरने धुऊन कोरडा करावा. जुन्या तेलाच्या आणि धुळीच्या थरावर ताजी गळती दिसत नाही. मग इंजिन सुरू करून एका व्यक्तीने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. स्टिअरिंग टोकाला दाबून धरल्यास दाब कमालीचा वाढतो. म्हणून तेथे काही सेकंदांहून अधिक काळ धरू नये.

तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा नव्हे, तर सर्वांत वरची ओली जागा महत्त्वाची असते. पाइपचे जोड, टाकीची तोटी, पंपाच्या शाफ्टचे सील आणि रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बूट ही तपासण्याची प्रमुख ठिकाणे. बूटचा क्लॅम्प सैल केल्यावर आतून तेल बाहेर आले, तर रॅकचे सील गेले आहे. तरीही गळती सापडत नसेल, तर तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली तपासणी करता येते.

चालू इंजिनमध्ये उच्च दाबाच्या पाइपवरून कधीही हात फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून उडणारी धार त्वचेत शिरून गंभीर इजा करू शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवणे अत्यावश्यक आहे.

दुरुस्ती कशी?

परतीचा पाइप कमी दाबाचा असतो. तो तेलरोधक रबराचा नवा घेऊन नवीन क्लॅम्पने बसवता येतो. उच्च दाबाच्या पाइपला मात्र क्लॅम्प किंवा चिकटपट्टीचा जुगाड चालत नाही. तो बदलावा किंवा हायड्रॉलिक पाइप तयार करणाऱ्यांकडून नव्याने करून घ्यावा. जोड उघडल्यावर ओ-रिंग आणि तांब्याचे वॉशर नवेच घालावेत.

पंपासाठी सील किट मिळते. रॅकचे सीलही बदलता येते. परंतु फाटलेल्या बुटातून पावसाचे पाणी आणि चिखल शिरून दांड्यावर गंज किंवा ओरखडे आले असतील, तर नवे सील फार काळ टिकत नाही. अशा वेळी रॅक बदलणेच योग्य. रॅक काढताना स्टिअरिंग सरळ स्थितीत बांधून ठेवावे आणि काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. गळती रोखणारी तयार रसायने सील फुगवून तात्पुरता आधार देतात. फुटलेला पाइप किंवा गंजलेला दांडा त्यांनी दुरुस्त होत नाही.

हवा काढणे महत्त्वाचे

उत्पादकाने सांगितलेलेच तेल भरावे. चुकून ब्रेक ऑइल पडल्यास सर्व सील खराब होऊ शकतात. तेल भरल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवावे आणि पातळी राखत राहावे. नंतर इंजिन सुरू करून हीच कृती सावकाश करावी. तेल फेसाळ किंवा दुधाळ दिसत असेल, तर आत अजून हवा आहे.

निघालेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. दुरुस्तीनंतर काही दिवस टाकीतील पातळी पाहत राहावे. पातळी स्थिर राहिली, तरच गळती थांबली असे मानता येते.