मोटारीतील ध्वनियंत्रणा : स्पीकरची जोडणी व संरोध

घरगुती स्पीकरचा संरोध (इंपीडन्स) बहुधा ८ ओहम, तर मोटारीतील स्पीकरचा ४ ओहम असतो. याचे कारण बॅटरीत आहे. इंजिन चालू असता मिळणाऱ्या सुमारे १४.४ व्होल्टवर रेडिओ-संचातील प्रवर्धक ४ ओहमच्या स्पीकरला विरूपणाविना फार तर २६ वॅट देऊ शकतो. ८ ओहमला त्याच्या निम्मेच.

४ ओहमचे दोन स्पीकर एकसर जोडल्यास एकूण संरोध ८ ओहम, समांतर जोडल्यास २ ओहम होतो. समांतर जोडणीने आवाज वाढतो, म्हणून ती लोकप्रिय. परंतु विद्युतधाराही दुप्पट होते आणि तेवढी क्षमता नसलेला प्रवर्धक तापून निकामी होतो. खरी फसगत होते ती ब्रिज जोडणीत. दोन वाहिन्या एकत्र करून ४ ओहमचा सबवूफर लावला, तरी प्रत्येक वाहिनीस तो २ ओहमचाच भासतो. त्यामुळे ‘किमान २ ओहम’ असे प्रत्येक वाहिनीसाठी लिहिलेल्या प्रवर्धकावर २ ओहमचा सबवूफर ब्रिजमध्ये जोडणे घातक ठरते.

मल्टिमीटर ४ ओहमच्या स्पीकरवर साडेतीनच्या आसपास आकडा दाखवतो, तो मात्र दोष नव्हे. मल्टिमीटर वेटोळ्याचा एकदिश धारेस होणारा रोध मोजतो. संरोध वारंवारतेनुसार बदलत राहतो.