जिल्हा परिषदेच्या शाळेला पर्याय कोणता?

● पाया : महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते मोफत व सक्तीचे केले.

● हक्क : शिक्षण हक्क कायदा, २००९. राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी.

● पर्याय १, समूह शाळा : वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळा जवळच्या मोठ्या शाळेत एकत्र करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. लाभ : इयत्तेगणिक शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान. अडचण : रोजचा प्रवास, पावसाळ्यातले ओढे, मुलींची गळती.

● पर्याय २, खासगी शाळा : वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांचे शुल्क सरकार भरते. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट देणारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. मर्यादा : अनेक वाड्या-पाड्यांवर खासगी शाळाच नाही.

● आमची भूमिका : नव्या शाळेत शिक्षक रुजू होऊन मुलांची ने-आण नियमित सुरू होईपर्यंत जुन्या शाळेला कुलूप लावू नये. पट कमी असला, तरी त्या मुलांचा हक्क कमी होत नाही.